गल्ल्याच्या आत गिऱ्हाईक

मावशीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि चार दिवस मी एका खाजगी हॉस्पिटलच्या दुसऱ्या मजल्यावर मुक्कामाला होतो. रिसेप्शनच्या काचेवर सेलोटेपने एक कागद चिकटवलेला होता. वायफायचं नाव, त्याखाली पासवर्ड. पासवर्ड म्हणजे डॉक्टरांचं आडनाव आणि पुढे एक-दोन-तीन. कागदाच्या कडा पिवळ्या पडल्या होत्या, म्हणजे दोन-तीन उन्हाळे तरी तो तिथे असणार.

तिसऱ्या दिवशी मावशी म्हणाली, "अरे, त्या टीव्हीवर जरा भजन लाव." मी फोनवर भजन काढलं आणि टीव्हीवर पाठवायचं बटण दाबलं. यादी उघडली. खोली २०३, २०४, २०५. त्याखाली 'कॉन्फरन्स'. त्याखाली 'सर केबिन'. बोट जरा खाली सरकलं असतं, तर डॉक्टर एखाद्या पेशंटला एक्स-रे समजावत असताना त्यांच्या पडद्यावर आमचं भजन सुरू झालं असतं.

गेली वीस वर्षं मी दुकानं, दवाखाने आणि पतसंस्थांमध्ये तारा ओढतोय, राउटर लावतोय. त्यामुळे तेवढ्यावर थांबवेना. नेटवर्कवर काय काय जोडलंय ते दाखवणारं साधं फुकटातलं अ‍ॅप माझ्या फोनवर कायम असतं. ते उघडलं. एकतीस नावं आली. सीसीटीव्हीचा डीव्हीआर. हजेरीचं बोट लावायचं मशीन. दोन प्रिंटर. बिलिंगचा कॉम्प्युटर. लॅबचा कॉम्प्युटर. आणि त्यांच्याच रांगेत, त्यांना खेटून, पेशंटच्या नातेवाइकांचे फोन. बिलिंगच्या कॉम्प्युटरने मला पासवर्ड न विचारता आपल्या फोल्डरांची नावं वाचून दाखवली. त्यातल्या एकाचं नाव होतं 'रिपोर्ट्स'. मी फोन बंद करून खिशात टाकला. कुणाच्या तरी आईचा, कुणाच्या तरी बायकोचा तपासणी-अहवाल तिथे होता आणि तो बघायचा मला काडीचाही अधिकार नव्हता. पण मला अडवणारंही कुणी नव्हतं.

खाली गेलो, रिसेप्शनवरच्या मुलीला सांगितलं. ती बिचारी म्हणाली, "काका, नेट स्लो चालतंय का?" रात्री राउंडला आलेल्या डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि मग तेच विचारलं, जे मला प्रत्येक ठिकाणी विचारतात. "अहो, आमच्यासारख्या लहान हॉस्पिटलात हॅक करायला कोण येणार?"

या एका प्रश्नासाठी आजचं सदर आहे.

कुणी यायची गरजच नसते. जो यायचा तो रोज येतोच आहे, तुमच्याच पासवर्डने. किराणा दुकानात गिऱ्हाईक गल्ल्याच्या अलीकडे उभं राहतं आणि शेठ पलीकडे बसतो. मधल्या फळीला कुलूप नसतं, साधी कडीही नसते, तरी ती फळी उचलून कुणी आत येत नाही. गिऱ्हाइकाला त्याचा अपमानही वाटत नाही. त्याला बसायला स्टूल मिळतं, उन्हाळ्यात माठातलं पाणी मिळतं, ओळख जुनी असेल तर चहासुद्धा मिळतो. पण वही, किल्ली आणि गल्ला पलीकडेच. हे आपल्या बाजारपेठांना कुणी शिकवावं लागलं नाही. मग त्याच दुकानात वायफाय आलं आणि आपण फळीच काढून टाकली. बसायला या म्हणता म्हणता गिऱ्हाइकाला थेट तिजोरीशेजारी बसवलं.

'वेगळं ठेवा' म्हटलं की काही जणांच्या कपाळाला आठी पडते, ते मला ठाऊक आहे. वेगळी बसायची जागा, वेगळा कप, वेगळा पाणवठा यांचा आपल्याकडचा इतिहास काळा आहे आणि तो विसरून चालणार नाही. इथे तसलं काही नाही. इथे माणूस बघितला जात नाही, वस्तू बघितली जाते. मालकाचा सख्खा मुलगा आपला गेम खेळायचा फोन घेऊन आला, तर तोही पाहुण्यांच्याच वायफायवर जायला हवा. आणि सफाई करणाऱ्या मावशींना हजेरीसाठी हॉस्पिटलचा टॅब दिला असेल, तर तो टॅब आतल्या वायफायवर.

आता 'कोण येणार' या प्रश्नाकडे. १२ मे २०१७ला वॉनाक्राय नावाचा व्हायरस जगभर पसरला. त्याला कुणी काही उघडायची, कशावर क्लिक करायची गरज नव्हती. एक मशीन धरलं की ते त्याच नेटवर्कवरच्या शेजाऱ्यांची दारं ठोठावत सुटायचं. विंडोज मशीन एकमेकांत फायली वाटून घेतात त्या वाटेने. त्या वाटेतलं भोक बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलं होतं. ज्यांनी ते टाकलं नव्हतं ते सापडले. समजा, तुमच्या पेशंटचा भाऊ ऑफिसचा लॅपटॉप घेऊन बाकावर काम करत बसलाय. तो सज्जन आहे. त्याच्या लॅपटॉपमध्ये काय बसलंय ते त्यालाही माहीत नाही. तुम्ही त्याला पासवर्ड दिला त्या क्षणी त्या लॅपटॉपची आणि तुमच्या बिलिंग मशीनची गाठ घालून दिलीत.

त्याच वर्षी २७ जूनला नॉटपेट्या आला, तो आपल्या उंबऱ्यापर्यंत. सुरुवात झाली युक्रेनमध्ये, तिथल्या एका हिशोबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. आपल्याकडे गल्लोगल्ली टॅली असतं तसंच ते तिकडे घरोघरी. तिथून तो मर्स्क या जहाज कंपनीच्या नेटवर्कमध्ये घुसला आणि तासाभरात देशोदेशी पोचला. न्हावा शेवाच्या बंदरात मर्स्कच्या समूहातली कंपनी जे टर्मिनल चालवते, तिथलं कॉम्प्युटरवरचं काम ठप्प झालं आणि कंटेनरची नोंद हाताने करायची वेळ आली. मर्स्कच्या अध्यक्षांनी पुढच्या जानेवारीत दावोसला जाहीरपणे सांगितलं की दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० कॉम्प्युटर नव्याने उभे करावे लागले. या प्रकरणात पाहुण्यांच्या वायफायचा काही संबंध नव्हता, हे मी आधीच सांगतो. मी हे उदाहरण देतो ते एवढ्याचसाठी की युक्रेनमधल्या हिशोबाच्या मशीनपासून न्हावा शेवाच्या क्रेनपर्यंत मध्ये आडवी भिंत नव्हती. एवढ्या मोठ्या कंपनीची ही गत. तुमच्या-माझ्या दुकानात तर भिंत बांधायचं कुणाच्या डोक्यातही आलेलं नसतं.

वायफायमधूनच घुसल्याचं उदाहरण हवं असेल तर अमेरिकेतल्या टीजेएक्स या दुकान-साखळीचं घ्या. २००५च्या सुमारास चोरट्यांनी तिच्या एका दुकानाबाहेर गाडीत बसून तिथलं वायफाय पकडलं. ते वायफाय वेप नावाच्या जुन्या कुलपाने बंद केलेलं होतं आणि ते कुलूप फुटतं हे २००१पासून जगजाहीर होतं. त्या एका दुकानातून ते थेट कंपनीच्या मुख्य मशीनपर्यंत पोचले. २००७मध्ये कंपनीने स्वतः सांगितलेला आकडा ४ कोटी ५७ लाख कार्डांचा होता. दुकान कपड्यांचं. आत शिरायला वापरली ती पार्किंगमध्ये सांडलेली हवेतली लहर.

आणि चौथी गोष्ट आपल्या मुंबईची, ती तर कुणी विसरूच नये. २६ जुलै २००८, अहमदाबादचे बॉम्बस्फोट. स्फोटांच्या काही मिनिटं आधी वाहिन्यांना धमकीचा ई-मेल गेला. पोलिसांनी त्याचा माग काढला आणि ते पोचले नवी मुंबईत, सानपाड्याला, एका परदेशी भाडेकरूच्या दारात. त्याचा त्यात हात नव्हता, त्याचं वायफाय उघडं होतं. ऑगस्टमध्ये दुसरा मेल गेला माटुंग्याच्या एका कॉलेजच्या वायफायवरून. सप्टेंबरमध्ये दिल्लीचे स्फोट झाले तेव्हाचा मेल चेंबूरमधल्या एका कंपनीच्या वायफायवरून. तिन्ही ठिकाणच्या माणसांनी पोलिसांच्या प्रश्नांना उत्तरं देत दिवस काढले असतील, ते आठवून बघा. जानेवारी २००९मध्ये मुंबई पोलीस रस्त्यावर फिरून उघडी वायफाय शोधत होते. फेब्रुवारीत दूरसंचार खात्याने इंटरनेट कंपन्यांना सूचना काढली की सार्वजनिक ठिकाणी जोडणी देताना वापरणाऱ्याची ओळख पटवा, ओळखपत्राची प्रत घ्या किंवा मोबाईलवर संकेत पाठवा. रेल्वे स्टेशनवर वायफाय धरताना ओटीपी येतो, त्याची मुळं इथे आहेत.

हे झालं का करायचं त्याबद्दल. आता कसं करायचं. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण अर्धवट केलेलं काम न केलेल्यापेक्षा वाईट. लोक निर्धास्त होतात.

पहिला प्रकार, सगळ्यात जास्त दिसणारा. इंटरनेटवाल्याच्या डब्यात आणखी एक नाव तयार करतात. 'हॉटेल अमुक' आणि 'हॉटेल अमुक गेस्ट'. दोन नावं, दोन पासवर्ड. मालक खूश. पण नावं दोन असली म्हणजे वाटा दोन होत नाहीत. एकाच घराला पुढच्या आणि मागच्या बाजूला दोन पाट्या लावल्या, तर घराची दोन घरं होतात का? बऱ्याच डब्यांत 'गेस्ट नेटवर्क' असा वेगळा पर्याय असतो, तो पाहुण्यांना फक्त इंटरनेट देतो आणि आतल्या मशीनची वाट बंद करतो. तो निवडा. नुसतं दुसरं नाव तयार करू नका. आणि त्याच पानावर कुठेतरी 'आयसोलेशन' असा शब्द असतो, त्याच्यापुढची खूण चालू करा. त्याने पाहुण्यांचे फोनसुद्धा एकमेकांना दिसेनासे होतात. तुमच्या गिऱ्हाइकाला शेजारच्या टेबलावरच्या माणसापासून वाचवणं हीसुद्धा तुमचीच जबाबदारी आहे.

दुसरा प्रकार जास्त फसवा आणि तो करणारे हुशार लोक असतात. घरात पडलेला जुना राउटर आणतात, ऑफिसच्या राउटरमधून त्याला एक तार जोडतात आणि म्हणतात, "हा घ्या पाहुण्यांचा राउटर, एकदम वेगळा." खोली दिसते वेगळी, पण ती आतली खोली आहे. आतल्या खोलीतल्या माणसाला रस्त्यावर जायचं तर तो कुठून जाणार? बाहेरच्या खोलीतून, म्हणजे तुमच्या ऑफिसातून. जाता जाता त्याला तिथलं सगळं दिसतं, तिथल्या मशीनला हात लावता येतो. उलट ऑफिसच्या मशीनला मात्र पाहुणे दिसत नाहीत. म्हणजे भिंत बांधली खरी, पण भोकं चुकीच्या बाजूला ठेवली. असा राउटर मी गेल्या वर्षी एका पतसंस्थेतून काढला. लावणारा होता त्यांच्याच क्लार्कचा इंजिनीअरिंगला असलेला मुलगा. पोरगा हुशार आहे; दहा मिनिटांत त्याला चूक कळली आणि नंतरचं निम्मं काम त्यानेच केलं.

तिसरा प्रकार, योग्य. एकच तार, एकच राउटर, पण त्यात व्हीलॅन करायचे. व्हीलॅन म्हणजे एकाच तारेतून जाणाऱ्या प्रत्येक पाकिटावर शिक्का मारायचा: हे ऑफिसचं, हे पाहुण्यांचं, हे कॅमेऱ्यांचं. ज्याचा शिक्का त्याच्याच दारात उतरवायचं. यासाठी शिक्के वाचू शकणारा राउटर, तसाच स्विच आणि छतावर लावायचा तसाच अ‍ॅक्सेस पॉइंट लागतो. लहान दुकानाला किंवा दवाखान्याला हे सगळं दहा-पंधरा हजारांत बसतं, माझी मजुरी धरून. बाहेरच्या पाटीवरच्या एलईडी अक्षरांना याहून जास्त खर्च केलेला मी पाहिलाय.

मी शिक्के तीन सांगितले, दोन नाही. तिसरा मुद्दाम. कॅमेरे, डीव्हीआर, हजेरीचं मशीन, खोल्यांमधले टीव्ही, वायफायवर चालणारे एसी, या वस्तू पाहुणेही नाहीत आणि घरचेही नाहीत. यांना एकदा भिंतीवर ठोकलं की पाच-सात वर्षं कुणी अपडेट करत नाही. कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच असतो. २०१६मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने नेमके असेच कॅमेरे आणि डीव्हीआर कारखान्याच्या पासवर्डने उघडून आपल्या फौजेत भरती केले, आणि त्या ऑक्टोबरात त्यांच्या जोरावर वेबसाइटचे पत्ते सांगणाऱ्या डाइन या कंपनीवर हल्ला करून अमेरिकेतल्या मोठमोठ्या वेबसाइट काही तास बंद पाडल्या. कुणाच्या तरी दुकानाच्या कोपऱ्यातला कॅमेरा त्या हल्ल्यात लढत होता आणि मालकाला पत्ताही नव्हता. तुमचा डीव्हीआर तुमच्या टॅलीच्या शेजारी बसवू नका.

काम झालं की खात्री करा. कुणाच्या शब्दावर जाऊ नका, माझ्याही नाही. फोन पाहुण्यांच्या वायफायवर घ्या, मोबाईल डेटा बंद करा आणि ब्राउझरमध्ये राउटरचा आतला पत्ता टाका. बऱ्याच ठिकाणी तो १९२.१६८.१.१ असतो. राउटरचं लॉगिनचं पान उघडलं, तर काम झालेलं नाही. मग डीव्हीआरचा पत्ता टाका. तेही उघडलं, तर ज्याने काम केलं त्याला फोन लावा. राउटरच्या पानाचं मी एवढं का धरून बसतो ते सांगतो. ते पान पाहुण्याला उघडलं आणि पासवर्ड कारखान्याचा अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन असला, तर तो आत जाऊन डीएनएस बदलू शकतो. डीएनएस म्हणजे नावावरून पत्ता सांगणारं खातं. ते खोटं बोलायला लागलं की तुमचा अकाउंटंट बँकेचं नाव अचूक लिहील आणि पोचेल दुसऱ्याच दारात. ब्राउझर बहुधा धोक्याची सूचना देतो. अकाउंटंट बहुधा घाईत असतो.

मंगल कार्यालयवाल्यांसाठी एक खास गोष्ट, कारण लग्नसराई तोंडावर आली की मला याच तक्रारीचे फोन येतात. "सकाळच्या लग्नात वायफाय झकास होतं, संध्याकाळच्या रिसेप्शनला कुणालाच लागेना. वर आमचं बिलाचं मशीनही अडकलं." नेट बंद पडलेलं नसतं, पत्ते संपलेले असतात. साध्या राउटरकडे वाटायला जास्तीत जास्त २५३ पत्ते असतात, बऱ्याचदा त्याहून कमी. सकाळचे तीनशे वऱ्हाडी आले, जोडले गेले, जेवून घरी गेले. पण बरेच डबे एकदा दिलेला पत्ता चोवीस तास त्या फोनच्या नावावर राखून ठेवतात. पानावरून माणूस उठून गेला तरी पान उचललेलं नाही, अशी ती पंगत. संध्याकाळच्या मंडळींना बसायला जागाच नाही, आणि त्यांच्यातच तुमचं बिलाचं मशीन उभं. पाहुण्यांचं नेटवर्क वेगळं असेल तर त्याची मुदत दोन तासांवर आणता येते आणि पत्त्यांचा साठा वाढवता येतो. ऑफिसची पंगत वेगळी, तिला धक्का लागत नाही. शिवाय पाहुण्यांना वेगाची मर्यादा घाला. एखाद्या पोराने मांडवात बसून सिनेमा उतरवायला घेतला तर तुमचं पेमेंट अडकायला नको.

आता आतल्या पासवर्डचं. २०१९मध्ये आलेल्या अँड्रॉइड १०पासून कुठल्याही फोनवर दोन-तीन बोटं दाबली की वायफायचा क्यूआर समोर येतो. समोरच्याने स्कॅन केलं की झालं. म्हणजे स्टाफच्या वैयक्तिक फोनवर आतलं वायफाय असेल, तर तो पासवर्ड गुप्त नाही. तो वेटरच्या मित्राकडे आहे, आणि मागच्या दिवाळीला भांडून गेलेल्या मॅनेजरकडेही आहे. यात स्टाफच्या प्रामाणिकपणाचा प्रश्न नाही. त्यांचे फोन त्यांचे आहेत. त्यांत काय असावं ते तुम्ही ठरवू शकत नाही, ठरवूही नये. त्यांना पाहुण्यांचं वायफाय द्या, चांगल्या वेगाचं, मोकळ्या मनाने द्या. आतल्या वायफायवर फक्त धंद्याची मशीन. मग कुणी नोकरी सोडली तर चार-पाच मशीनवर पासवर्ड बदलायला अर्धा तास लागतो. सगळे एकाच वायफायवर असले की तो कुणी कधीच बदलत नाही, कारण काचेवरचा कागद, खोल्यांमधली कार्डं, कॅमेरे आणि पंधरा फोन असं सगळंच बदलावं लागतं. तसा न बदललेला, सात वर्षांचा पासवर्ड मी पाहिलाय. त्यात धंदा सुरू केल्याचं साल होतं.

पाहुण्यांच्या बाजूलाही पासवर्ड ठेवाच. उघडं ठेवलं की हवेतली पाकिटं कुणालाही वाचता येतात. राउटर नवा असेल तर कुलूप डब्ल्यूपीए-३चं निवडा, जुना असेल तर डब्ल्यूपीए-२चं. यादीत वेप दिसलं तर तो राउटर भंगारात द्या. वायफायचं नाव लपवून ठेवल्याने काही होत नाही, त्यात वेळ घालवू नका.

आणि एक चीड येणारी गोष्ट. काही कॅफे आणि शोरूम वायफाय देताना मोबाईल नंबर घेतात. ओळख पटवायला घेत असाल तर ठीक, त्यामागे कारण आहे. बाहेरच्या जगाला तुमच्या दोन्ही बाजू एकाच पत्त्यावरून बोलताना दिसतात. उद्या पोलीस दारात आले, तर त्या वेळी पाहुण्यांच्या बाजूला कोण होतं ते सांगता आलं पाहिजे. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या सायबर-सुरक्षा संस्थेचा २८ एप्रिल २०२२चा आदेश तर कंपन्यांना १८० दिवसांच्या नोंदी ठेवायला सांगतो, आणि सायबर हल्ला झाल्याचं कळल्यापासून सहा तासांत कळवायला सांगतो. पण त्याच नंबरवर पुढच्या आठवड्यात 'दसरा धमाका'चे मेसेज जातात. गिऱ्हाइकाने नंबर दिला होता नेटसाठी. तुमच्या सेलसाठी नाही. डिजिटल वैयक्तिक माहितीचा २०२३चा कायदा नेमकं हेच म्हणतो: ज्या कारणाला माहिती घेतली त्याच कारणाला वापरा. माहिती नीट सांभाळली नाही तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये लिहिली आहे. तुम्हाला २५० कोटींचा दंड होणार नाही, मला ठाऊक आहे. पण नंबर मागायचा असेल तर तो सांभाळायची तयारी ठेवा. नसेल तर मागू नका.

त्या हॉस्पिटलचं पुढे काय झालं ते सांगतो. मावशीला घरी सोडलं त्या दिवशी बिल भरताना डॉक्टरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, "ते परवाचं मला दाखवा." मी त्यांच्याच खुर्चीशेजारी बसून माझ्या फोनवर ती एकतीस नावं दाखवली. ते एकेका नावावर बोट ठेवत विचारत गेले, हे काय, हे कुठलं. लॅबच्या कॉम्प्युटरवर आले तेव्हा थांबले. मग 'रिपोर्ट्स' फोल्डरचं सांगितलं. डॉक्टर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पेशंट मला जे सांगतो ते मी माझ्या बायकोलाही सांगत नाही."

टाके काढायला दहा दिवसांनी गेलो. काचेवरचा पिवळा कागद निघाला होता, सेलोटेपचे चार चिकट डाग तेवढे राहिले होते. त्या जागी नवं छापील कार्ड होतं, त्यावर फक्त पाहुण्यांचं वायफाय. मावशीला आत नेलं, मी बाकावर बसलो आणि अ‍ॅप उघडलं. यादीत एकच नाव आलं, माझ्या फोनचं. राउटरचा पत्ता टाकला, पान फिरत राहिलं आणि उघडलं नाही. टीव्हीचं बटण दाबलं, एकही खोली दिसली नाही. आता तिथे फोनवरून भजन लावता येणार नाही, टीव्हीच्या रिमोटनेच शोधावं लागेल.

हजेरीचं मशीन मात्र अजून ऑफिसच्या बाजूलाच आहे. त्याची तार जिन्याखालून आलीय आणि तिथे आधी पाण्याची पाइपलाइन हलवावी लागणार आहे. प्लंबर सोमवारी येतोय. मी मंगळवारी जाणार आहे.